सनईचा सूर : एका धरलेल्या स्वराची हकीकत

लग्नघराच्या दारी सनई वाजू लागली म्हणजे ऐकणारा म्हणतो, ‘सनई वाजते आहे.’ हे एकवचन खरे नव्हे. दारापाशी अंथरलेल्या सतरंजीवर बसलेल्या मंडळींकडे कोणी निरखून पाहील तर त्याला सनया दोन दिसतील. एकीवर बोटे फिरत असतात. दुसरी तोंडाला लावलेला माणूस मात्र गाल फुगवून, डोळे अर्धे मिटून निश्चल बसलेला असतो. त्याची बोटे हलत नाहीत. त्याच्या वाद्यातून आरंभापासून अखेरपर्यंत एकच स्वर निघतो आणि तो कोठेही तुटत नाही. या दुसऱ्या वाद्याला आपल्याकडे नुसते ‘सूर’ म्हणतात. प्रस्तुत लेख त्या सुराविषयी आहे.

हा विषय सुचण्याचे कारण सांगणे उचित होईल. आपल्या ज्ञातीतील जुन्या वाजंत्री मंडळींची नावे टिपून ठेवावीत अशा हेतूने काही वर्षांपूर्वी आम्ही चारपाच जण लालबाग, परळ आणि दादर भागांतील घरोघरी गेलो होतो. सनई वाजविणाऱ्यांची नावे पुष्कळ मिळाली. संबळवाले मिळाले, पखवाजी मिळाले. परंतु ‘यांच्यामागे सूर कोण धरीत असे?’ असे विचारताच बहुतेक ठिकाणी उत्तर आले, ‘असेल घरातला कोणीतरी.’ माझे आजोबा हे असेच ‘घरातले कोणीतरी’ होते. त्यांनी उभ्या हयातीत सनईवर एकही राग वाजविला नाही. त्यांनी फक्त सूर धरला.

गुरवाचा धर्म म्हणजे देवाची पूजा, बेलपत्री, पत्रावळी आणि वाजंत्री. बारा बलुतेदारांत आपली गणना होत असे आणि देवळाच्या त्रिकाळ पूजेशी वाद्याचे नाते जडलेले होते. शिंग, शंख, सनई, संबळ, पखवाज यांपैकी एखादे तरी वाद्य घरात नाही असे गुरवाचे घर जुन्या काळी विरळा. सनई वाजविणारे आपणच एकटे, असे मात्र कोणी समजू नये. कोकणात घडशी समाजाने आणि देशावर नाभिक व मातंग बांधवांनी हे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. सुराचे श्रेय वाटताना आपण आपलाच हात पुढे केला, तर ज्यांना विसरले गेले म्हणून आपण तक्रार करतो त्यांच्याशीच अन्याय केल्यासारखे होईल.

आता वाद्याचे थोडे वर्णन. सनईची नळी लाकडी, वरून अरुंद आणि खाली रुंद होत गेलेली. खालच्या टोकाला पितळेचा कर्णा, वरच्या टोकाला ताडाच्या पानाची दुपदरी पाती. सूराची घडणही तशीच, परंतु त्यावर बोटांनी वाजवावयाची भोके नसतात. जी दोनचार असतात ती स्वर जुळविण्यासाठी. त्यांत मेण भरावयाचे आणि कमीअधिक करून सनईच्या षड्जाशी स्वर मिळवावयाचा. हे एकदा जुळले की सूर धरणाऱ्याचे काम सुरू होते. तोंडाने हवा सोडता सोडता गालांत थोडी साठवावयाची आणि गालांतील हवा पातीत ढकलली जात असतानाच नाकाने नवा श्वास आत ओढावयाचा. पाण्याच्या वाटीत बोरूची नळी धरून बुडबुडे अखंड येत राहिले पाहिजेत, हा त्याचा पहिला धडा. आमच्या घरी हा धडा लहानपणी सर्वांनाच दिला जाई. मला तो तीन महिने साधला नाही. धाकट्या भावाला आठ दिवसांत साधला. सनई वाजविणाराही ही युक्ती जाणतो, परंतु त्याला विसावा घेण्याची मुभा असते, कारण दोन फिरतींच्या मध्ये तो क्षणभर थांबला तरी रंग जात नाही. सूर धरणाऱ्याला ती मुभा नाही.

सारांश, एक माणूस फुंकून एका वेळी एकच स्वर काढू शकतो, म्हणून दुसऱ्या स्वरासाठी दुसरा माणूस बसवावयाचा, हा सनईचा मार्ग झाला. परंतु एकाच माणसाने एका श्वासात दोन स्वर काढण्याचे प्रयत्नही फार प्राचीन आहेत. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर परदेशी वेषातील वादकांचा मेळा कोरलेला आहे. त्यांतील एकाच्या तोंडी दोन नळ्यांचा पावा दिसतो. ग्रीक लोकांचा जोडपावा याच जातीचा. आपल्या देशात हेच काम गारुड्याची पुंगी करीत आली. भोपळ्याच्या पोटात हवा साठते आणि खालच्या दोन नळ्यांपैकी एकीवर धून वाजते, दुसरी सूर देते. म्हणजे सनईवाला आणि सूरवाला हे दोघे पुंगीत एका भोपळ्याखाली नांदतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नागाचा खेळ हळूहळू बंद पडला आणि त्याबरोबर गिरगावच्या गल्ल्यांतून पुंगीही गेली. नागाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले.

याच कुळातील थोर वाद्य म्हणजे वारली बांधवांचा तारपा. जव्हार, डहाणू, तलासरी या भागात, म्हणजे २०१४ पर्यंतच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, भाताची कापणी झाली की रात्री तारपा वाजतो. वाळविलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. दोन्ही नळ्या एकाच वेळी बोलतात आणि वादक नाकाने श्वास घेत वाद्य अखंड चालू ठेवतो. नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तारप्याकडे कोणी पाठ करीत नाही. मुंबईकरांना हे वाद्य कानांनी नव्हे, तर डोळ्यांनी प्रथम कळले. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९७५च्या सुमारास जहांगीर कलादालनाच्या इमारतीतील केमोल्ड गॅलरीत लागली आणि मध्ये तारपावाला व भोवती नर्तकांचे वेटोळे ही आकृती शहरातल्या भिंतींवर, साड्यांवर, चहाच्या पेल्यांवरही जाऊन पोहोचली. त्या वेटोळ्याच्या मध्यावरचा माणूस एका दमात दोन नळ्या फुंकीत आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

शास्त्रग्रंथांकडे वळल्यास, तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात फुंकून वाजवावयाच्या म्हणजे सुषिर वाद्यांत वंश, पाव, मुरली, मधुकरी, काहला, शृंग, शंख इत्यादी वाद्ये आली आहेत. मधुकरीचे वर्णन सनईच्या जातीच्या वाद्याशी जुळते. शृंग आणि शंख तर आपल्या घरची वाद्ये. या शिंगाच्या अंगी एक गुण आहे, जो पुढील विवेचनाला उपयोगी पडेल. शिंगाला भोके नाहीत. तरी फुंक आवळली की त्यातून खालचा, वरचा, त्याच्याही वरचा असे ठराविक स्वर निघतात, मधले निघत नाहीत. ते स्वर नळीच्या पोटात आधीच असतात; वाजविणारा एकेकाला जागे करतो.

हेच अंकांत मांडू. आपल्या संगीताच्या पुस्तकांत षड्जाची आंदोलने २४० धरण्याची रीत आहे. सूरवाल्याने २४० आंदोलनांचा षड्ज धरला की त्या एका स्वराच्या पोटात ४८०, ७२०, ९६०, १२०० अशी आंदोलनेही चाललेली असतात. ४८० म्हणजे तारषड्ज, ७२० म्हणजे त्याच्यावरचा पंचम आणि १२०० म्हणजे आणखी वरचा गांधार. तंबोरा नीट लागला म्हणजे कोणी न छेडता जो गांधार ऐकू येतो, ज्याला गवई ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात, तो हाच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०-२१च्या सुमारास तंबोरा-वीणेच्या जव्हारीचा आणि आपल्या चर्मवाद्यांतील स्वरांशांचा अभ्यास करून ही गोष्ट शास्त्रीय कसोटीला लावली. सनईची नळी शंकूसारखी आणि पाती दुहेरी असल्यामुळे तिच्या सुरात हे पोटस्वर विपुल असतात. तेव्हा बोटे न हलविणारा मनुष्य एकच स्वर वाजवितो हे म्हणणेही अपुरे ठरते.

मनुष्याच्या कंठाला हेच साधता येते काय? साधते. तिबेटी लामांच्या ग्युतो मठातील पाठाची पद्धत ह्यूस्टन स्मिथ या अमेरिकन पंडिताने १९६०च्या दशकात ध्वनिमुद्रित केली आणि १९६७ साली दोन सहकाऱ्यांसह त्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. एकच लामा अतिखर्जात पाठ म्हणतो आणि त्याच वेळी वर दुसरा स्वर स्पष्ट ऐकू येतो. मुख आणि जीभ यांचा आकार असा धरावयाचा की खर्जाच्या पोटातील एकच अंश फुलून यावा. ग्युतो मठाच्या पाठात दहावा अंश फुलतो, ग्युमे मठाच्या पाठात बारावा. दहावा म्हणजे गांधार आणि बारावा म्हणजे पंचम! तंबोरा जे देतो तेच हिमालयापलीकडे गळ्याने दिले. तुवा प्रांतातील गुराखी तर वरच्या अंशांवर शिट्टीसारखी धूनच वाजवितात. पाश्चात्त्यांतही वेबरने आपल्या शिंगवाद्याच्या रचनेत वादकाला फुंकता फुंकता गुणगुणावयास लावून स्वरांचा मेळ मागितला होता. १९६७ साली बार्तोलोझ्झी या इटालियन गृहस्थाने बासऱ्या-सनयांच्या जातीच्या वाद्यांतून एका फुंकेत अनेक स्वर काढण्याची रीत पुस्तकरूपाने मांडली. परंतु आपल्याला घरी परतले पाहिजे.

मुंबईत आमचे घराणे आले ते गिरणीमुळे. आजोबा आणि त्यांचे थोरले बंधू रत्नागिरी जिल्ह्यातून येऊन लालबागच्या एका चाळीत राहिले. दिवसा साचा, लग्नसराईत वाजंत्री. थोरले सनई वाजवीत, आजोबा सूर धरीत. सुपारी ठरताना सनईला एक रुपया तर सुराला आठ आणे, असा भाव होता आणि तो दोघांनाही मान्य होता. एकदा गिरगावातील एका लग्नाचा बोलावा आला. कार्य पार पडले. पैसे देताना यजमान म्हणाले, ‘याला कशाचे? याची तर बोटेसुद्धा हलली नाहीत. नुसते फुंकायला काय लागते?’ आजोबा काही बोलले नाहीत. थोरल्यांनी समजावून पाहिले. यजमान हसले आणि रुपयाच हाती ठेवून आत गेले. परतीच्या वाटेवर भायखळ्याच्या पुलापाशी थोरल्यांनी तो रुपया मोडून आठ-आठ आणे केले. त्या दिवसापासून दोघा भावांचा वाटा सारखा झाला आणि थोरले वारेपर्यंत सारखाच राहिला. आजोबांनी ही गोष्ट मला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा यजमानांचा राग त्यांच्या बोलण्यात नव्हता, थोरल्या भावाचे कौतुक होते. मला मात्र राग आला होता. तो अद्याप पुरता गेलेला नाही.

मराठी भाषेत ‘एखाद्याची री ओढणे’ म्हणताना त्यात हेटाळणी असते. री ओढणारा म्हणजे स्वतःचे काही नसलेला. परंतु लालबाग-परळच्या तमाशाच्या फडात आणि शाहिरांच्या मेळ्यात बसून पाहावे. शाहीर कडव्याच्या टोकाला पोहोचतो, त्याचा दम संपत येतो, त्याच क्षणी मागचे झीलकरी तोच स्वर उंच उचलून ‘जी जी’ करीत धरून ठेवतात आणि त्या आधारावर शाहीर पुढचे कडवे उचलतो. तुणतुण्याचा अखंड सूर त्याखाली असतोच. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, तेव्हा गिरणगावच्या मैदानांत हजारो कामगारांनी जो पोवाडा ऐकला त्याचा अर्धा जोर त्या झिलीत होता. नावे तिघांची राहिली. झीलकऱ्यांची किती राहिली?

गिरणगावात आणखी एक सुषिर वाद्य होते, त्याला कोणी वाद्य म्हणत नसे. गिरणीचा भोंगा! पाळी बदलण्याच्या वेळी एकामागून एक गिरण्यांचे भोंगे सुरू होत. कोणाचा खर्ज, कोणाचा मध्यम, कोणाचा चिरका. काही क्षण ते सारे एकदम वाजत आणि शेजारशेजारचे दोन भोंगे जरा बेसूर असले की हवेत ठोके पडल्यासारखे होई. आजोबा चाळीच्या कठड्यापाशी उभे राहून म्हणत, ‘ह्यांना कोणीतरी मेण लावा रे.’ १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि भोंगेही एकेक करून गप्प झाले. आजोबा तोवर हयात नव्हते.

गिरगाव आणि धोबीतलाव भागात याच सुमारास, किंबहुना त्याच्याही आधीपासून, अनेक स्वर एकदम वाजविण्याची दुसरीच रीत नांदत होती. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ सालचे. चर्चमधील समूहगायनात चार स्वर चार वाटांनी चालतात आणि तरी मिळून असतात. गोव्याच्या मांडोतही दोन कंठ बरोबरीने, परंतु वेगळ्या स्वरांवरून जातात. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आदींनी गीतांच्या मागे हा स्वरमेळ बसविला. गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली भारतीय वाद्यवृंद उभारून झेवियर कॉलेजात कार्यक्रमही केला. इकडे ऑपेरा हाउसपाशी प्रा. बा. र. देवधर यांनी १९२५ साली काढलेल्या विद्यालयात आपले संगीत शिकविले जाई. परंतु देवधर स्वतः स्क्रिन्झी नावाच्या इटालियन शिक्षकापाशी पाश्चात्त्य संगीत शिकले होते आणि दोहोंतील भेद त्यांना नेमका ठाऊक होता. तो भेद थोडक्यात असा : तिकडे स्वर स्वरावर रचून इमारत उभी करतात, इकडे एक स्वर जमिनीसारखा अंथरतात आणि त्यावर चालतात. सूरवाला ही जमीन होय.

या दोन रीतींच्या मध्ये पेटी आली आणि गोंधळ माजला. पेटीही फुंकेचेच वाद्य, फुंक तोंडाची नसून भात्याची एवढेच. तिच्यातून एका वेळी दहा स्वरही निघतील. परंतु तिचे स्वर कारखान्यात बांधलेले. षड्ज २४० धरल्यास स्वयंभू गांधार ३०० येतो. पेटीचा गांधार ३०२च्या थोडा वर असतो. एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे वाटेल. दोन्ही एकदम वाजवून पाहावे! सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी १९१०च्या सुमारास बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा घाट घातला तो यासाठीच. ती पेटी रूढ झाली नाही. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती टिकली. पेटी हद्दपार असताना रेडिओची सकाळ सनईच्या मंगलध्वनीने उगवत होती.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १९५४ साली ‘नागिन’ चित्रपट आला आणि त्यातील पुंगीने देश वेडा केला. ती पुंगी नव्हतीच. गिरगावात वाढलेल्या कल्याणजी या तरुणाने क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती धून वाजविली आणि रवी यांच्या पेटीची तिला साथ होती. त्या विजेच्या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघू शके. म्हणजे जिच्या एका फुंकेत दोन स्वर असतात त्या पुंगीचे सोंग घेण्यासाठी दोन माणसे बसवावी लागली! खऱ्या गारुड्यांनीही पुढे तीच धून उचलली.

सनईला मात्र तो काळ मानाचा होता. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी तिला मैफलीत बसविलेच होते. १९५९ साली वसंत देसाई यांच्या संगीताने नटलेल्या ‘गूंज उठी शहनाई’त उस्ताद बिस्मिल्ला खाँ साहेबांची सनई घरोघरी पोहोचली. आमच्या चाळीत त्या तबकड्या वाजत तेव्हा लोक फिरतीला माना डोलावीत. आजोबा मात्र कान देऊन वेगळेच ऐकत आणि मध्येच बोट वर करून म्हणत, ‘पाहा, मागचा हलला नाही.’

सुराचा ऱ्हास झाला तो कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. लग्ने कार्यालयांत गेली, वेळ कमी झाला, पैसे मोजून माणसे बोलावण्याची पद्धत आली. चार माणसांत भागत असेल तर पाचवे कशाला? प्रथम हाताने हलवावयाची सूरपेटी आली. १९८० नंतर विजेची आली. आता ती हातातल्या फोनात मावते. ती थकत नाही, जेवण मागत नाही, वाटाही मागत नाही. तिचा सूर चुकत नाही, हे तर आपण मान्यच केले पाहिजे. आजोबांचा सूर थोडा श्वास घेई, सनई चढली की किंचित दाटे, ती उतरली की मोकळा होई. ज्याने दोन्ही ऐकले त्याला हा फरक सांगावा लागत नाही आणि ज्याने एकच ऐकले त्याला तो सांगून पटत नाही.

ज्या घरांत जुना सूर पडून असेल त्यांनी तो फुटकी सनई समजून मोडीत घालू नये, एवढी विनंती ज्ञातिबांधवांना आहे. भोके नाहीत म्हणून ती अर्धवट राहिलेली सनई आहे, असे समजून एका घरी ती लहान मुलांना खेळावयास दिलेली मी स्वतः पाहिली. तसेच, त्या सुरामागे बसणाऱ्याचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवावे.

माझा पुतण्या सनई वाजवितो. मागील गणेशोत्सवात दादरला एका घरी तो वाजवीत होता आणि सुरासाठी फोन शेजारी ठेवला होता. ऐन भूपाच्या आलापीत कोणाचा तरी फोन आला. सूर तुटला, त्याजागी सिनेमाचे गाणे वाजू लागले, मंडळी हसली, तोही हसला. रात्री घरी आल्यावर त्याने माळ्यावरची पेटी काढली आणि आजोबांचा सूर बाहेर घेतला. पाती कधीच झडून गेली होती. मेण वाळून खडा झाले होते. त्याने सुईने ते टोकरून काढले. त्याची अकरा वर्षांची मुलगी वाटीत पाणी घेऊन समोर बसली होती. तिच्या हाती बोरूची नळी नव्हती, शहाळ्याबरोबर मिळते ती कागदाची होती. बुडबुडे तुटत होते. ती पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत होती.